मास्तरांच्या कमरेचे माप

मी साठ इंच लांबीची एक जुनी मोजपट्टी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, स्वभावाने मी मत्सरी आहे. दुसऱ्या कुणाचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते. तुम्ही म्हणाल, पट्टीला कुठले आले पोट? खरे आहे. पण एकोणीस वर्षे लोकांची पोटे मोजल्यावर त्यांच्यातले थोडे तरी अंगाला चिकटणारच.

दुकानात मला टेप म्हणतात. कारखान्यात कापडाच्या लांब पट्टीवर पिवळा रंग चढवून मला तयार केले. एका बाजूला इंच छापले, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या. मग अकरा बहिणींबरोबर मला एका खोक्यात घातले. त्या खोक्यातून मास्तरांनी मला उचलले. त्यांनी त्याच आठवड्यात शिवणकामाचे दुकान थाटले होते. एक शिलाई मशीन, कापड कापायचे एक टेबल, एक आरसा आणि भिंतीत एक खिळा. खिळा माझ्यासाठी ठोकला होता, पण दिवसा मी त्यावर कधी नसे. मी मास्तरांच्या गळ्यात असे.

दुकान उघडायच्या दिवशी घालायला मास्तरांना नवी पँट हवी होती, म्हणून पहिले माप त्यांनी स्वतःचेच घेतले. मला कमरेभोवती फिरवले, टोक जुळवले आणि आकडा वाचला. तीस. मापाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो त्यांनी ठळक अक्षरात लिहिला. मास्तरीणबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. टेबलाशी बसून त्या एका शर्टाला काजे करत होत्या. म्हणजे बटण अडकवायच्या चिरा कापून त्यांच्या कडा दोऱ्याने बांधून घेत होत्या.

"तीस?" त्या म्हणाल्या. "अहो, तुमच्यापेक्षा माझीच कंबर मोठी निघायची!"

दोघेही खूप हसले. मास्तर हसले की मीही हलत होते, कारण मी त्यांच्या कमरेला होते. त्यानंतर एकोणीस वर्षे त्यांनी मला स्वतःच्या कमरेला लावले नाही.

दुकान चांगले चालले. मास्तरांचा हात सफाईदार होता. लोक आरशासमोर उभे राहून म्हणत, "वा मास्तर, काय कटिंग आहे!" कटिंग! म्हणजे सगळे श्रेय कात्रीला. माप घ्यायचे मी आणि मिरवायचे तिने. तिला दर दोन महिन्यांनी धार लावून आणत, तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवत. मला कुणी कधी साधे ओल्या फडक्याने पुसले नाही. तिला मी तेव्हापासून पाण्यात पाहते.

मास्तरांची माप घ्यायची एक पद्धत होती. एखाद्या गिऱ्हाइकाचे पोट सुटले असेल आणि ते बिचारे मनातून घाबरले असेल, तर मास्तर आकडा मोठ्याने सांगताना दोन इंच कमी करून सांगत. माझ्यावर अडतीस दिसत असे आणि मास्तर खुशाल पुकारत, "छत्तीस!" गिऱ्हाईक सुटकेचा निःश्वास टाकत असे. वहीत मात्र मास्तर गुपचूप अडतीसच लिहीत. पँट अंगाला नीट बसे आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी आणखी दोघांना घेऊन येत असे. "माप वहीत खरं हवं," मास्तर म्हणत, "कानाला थोडं गोड चालतं." चारचौघांत आपला शब्द बदलला जातो म्हणून मला राग येई, पण वहीत माझाच शब्द असतो म्हणून तो लगेच उतरे.

मास्तरांचे स्वतःचे नाव मात्र वहीत पुन्हा आले नाही. नवी पँट शिवायची तर ते जुनीच पँट कापडावर पसरत, तिच्याभोवती खडूने रेघ मारत आणि कमरेला बोटभर जास्त सोडून कापत. "आपल्याला आपलं माप ठाऊक असतं," असे म्हणत. आणि मधेच पँट आवळू लागली, तर दुपारी दोन टाके उसवून ती सैल करत. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर स्वतःच्या पँटला भरपूर माया ठेवत.

यात काय चुकले, ते मला फार उशिरा कळले. इतर माणसांची पँट काचते, बसताना त्रास देते आणि त्यांना शिंप्याकडे पाठवते. वाटेत ती माणसे निदान मनाशी तरी म्हणतात की आपण वाढलो. मास्तर स्वतःच शिंपी. त्यांची पँट त्यांना काचायच्या आधीच सैल झालेली असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मास्तर वाढत होते, हे मला गळ्यातून दिसत होते. पूर्वी मी दोन्ही बाजूंनी सरळ खाली लोंबत असे. पुढे पुढे माझी टोके त्यांच्या पोटावर टेकू लागली. कारणेही माझ्या डोळ्यांसमोरच होती. मशीनशेजारी चहाचा पेला असे. दिवसातून सात वेळा तो भरला जाई आणि दर वेळी त्यात तीन चमचे साखर पडे. सोबत बिस्किटे. मला गिऱ्हाईक आल्यावरच हात लागत असे, पेल्याला मात्र काही कारण लागत नसे, आणि त्याचा मला फार राग येई. शर्टाच्या खिशात सिगारेटचे पाकीट असे, थेट छातीला लागून. मी गळ्यात असूनही मला ती जागा कधी मिळाली नाही. मास्तर अस्वस्थ झाले की त्यांचा हात माझ्याकडे येत नसे, त्या पाकिटाकडे जात असे.

शेजारच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करणारे काका होते. ते रोज संध्याकाळी दुकान बंद करून तासभर चालत. जाताना आमच्या दारातून हाक मारत, "मास्तर, उठा. चार पावलं चालू."

"माझे पाय दिवसभर पायडल मारतात," मास्तर उत्तर देत. "तुमच्यापेक्षा दहा मैल जास्त चालून होतं माझं, तेसुद्धा बसल्या जागी!"

हे एकेकाळी खरेही होते. पण सात वर्षांपूर्वी मास्तरांनी मशीनला मोटर बसवली. तेव्हापासून पाय नुसते टेकवायचे, काम वीज करी. उत्तर मात्र तेच राहिले.

गेल्या वर्षी दुकानात एक नवे स्वप्न आले, काजाच्या मशीनचे. शाळेचे गणवेश दर वर्षी आमच्याकडे येत. एकशेचाळीस शर्ट आणि प्रत्येकाला सात काजे. ती सगळी मास्तरीणबाई हाताने करत. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोके टणक झाली होती, डोळ्यांतून पाणी येई. एक दिवस मास्तर त्यांना म्हणाले, "पुढच्या गणवेशांच्या आत तुला मशीन आणतो." त्यांनी मला गळ्यातून काढले आणि टेबल आणि भिंत यांच्यामधली जागा मोजली. लांबी अठ्ठेचाळीस इंच, रुंदी बावीस. फरशीवर खडूने चौकोन आखला. "ही जागा मशीनची. इथे कुणी काही ठेवायचं नाही."

मास्तरीणबाई रोज झाडून काढताना तो चौकोन सोडून झाडत. पुसट झाला की पुन्हा आखत. आरशामागच्या डब्यात त्या शिलाईतले थोडे थोडे पैसे टाकत होत्या. अजून न आलेल्या त्या मशीनचाही मला हेवा वाटे. माझ्यासाठी कुणी कधी फरशीवर जागा आखली नव्हती. तरी एक सांगते, ती जागा मी मोजली होती याचा मला अभिमानही होता.

डबा भरत आला आणि गणवेशांचे दिवसही आले. पांढऱ्या कापडाचे तागे येऊन पडले. मास्तर नेहमीप्रमाणे चपला दाराबाहेर काढून, तोंडात टाचण्या धरून कापायला उभे राहिले. चार दिवस दोघांना मान वर करायला फुरसत नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी टेबलाखालच्या टोपलीतला कापलेला शर्ट मास्तरांनी उचलला, तर त्याच्या पाठीवर लाल डाग.

"बोट टोचून घेतलंस ना?" ते मास्तरीणबाईंवर खेकसले. "शाळेचं कापड आहे! जरा बघून काम करावं माणसानं."

मास्तरीणबाईंनी दोन्ही हात उजेडात धरले. एकेक बोट उलटेसुलटे करून पाहिले. कुठेच टोचल्याची खूण नव्हती. मग त्यांचे लक्ष फरशीकडे गेले. टेबलापासून मशीनपर्यंत छोट्या छोट्या लाल ठिपक्यांची ओळ होती. खडूच्या चौकोनातही एक ठिपका होता.

"अहो, बसा बघू," त्या म्हणाल्या. "पाय वर करा."

मास्तर कुरकुरत बसले. उजव्या तळपायात, करंगळीच्या खाली, एक टाचणी डोक्यापर्यंत घुसलेली होती. भोवतालची कातडी सुजून काळपट झाली होती. टाचणी कालची की परवाची, कोण जाणे.

"हे दुखलं नाही तुम्हाला?"

"काय दुखलं?" मास्तरांनी खरोखरच विचारले.

मास्तरीणबाईंनी टाचणी उपसली. मास्तर त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, त्यांना काही कळलेच नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते काजांमुळे नव्हते.

त्या त्यांना तशाच दवाखान्यात घेऊन गेल्या. घाईत मी मास्तरांच्या गळ्यातच राहिले, म्हणून पुढचे सगळे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. नर्सबाईंनी आधी एक निळी पट्टी काढली आणि मास्तरांच्या दंडाला गुंडाळली. मित्रांनो, त्या दंडावर खरे तर माझा हक्क! ती पट्टी हवेने फुगली, फुसफुसली, आणि समोर आकडे उमटले. ते बघून मास्तर, मास्तरीणबाई, नर्सबाई, सगळे गप्प झाले. माझा आकडा ऐकून कधी कुणी असे गप्प झाले नव्हते. कानामागून आली आणि तिखट झाली!

"आता कंबर मोजू," नर्सबाई म्हणाल्या आणि हसल्या. "अरे वा, टेप घेऊनच आलात! द्या, हिनंच मोजते."

मला काय वाटले ते सांगता येणार नाही. एकोणीस वर्षांनी! पण मास्तरांनी पटकन माझ्यावर हात ठेवला.

"नको नको," ते म्हणाले. "ही गिऱ्हाइकांची आहे."

नर्सबाईंनी ड्रॉवर उघडून कागदाची एक पट्टी फाडून घेतली. पातळ, पांढरी, एकदाच वापरायची. ती मास्तरांच्या कमरेभोवती गेली. माझ्या जागी गेली.

"पोट आत घेऊ नका. श्वास सोडा. चव्वेचाळीस."

मोठ्याने, सगळ्यांसमोर, अर्धा इंचही कमी न करता.

"काहीतरीच काय," मास्तर म्हणाले. "माझी कंबर तीस आहे."

"कधी मोजली होती?"

मास्तर शर्ट खाली ओढू लागले. नर्सबाईंनी आकडा कागदावर लिहिला आणि ती पट्टी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

रक्त तपासून आल्यावर डॉक्टर म्हणाले, "शुगर आजची नाही, बरीच वर्षं मुरलेली आहे. बीपीही आहे. त्यात सिगारेट. पायाची जाणीव गेलीय, म्हणून टाचणी कळली नाही. आता ही जखम भरायला वेळ लागेल, आणि खर्चही."

त्यांना दवाखान्यात ठेवून घेतले. मास्तरीणबाईंनी मला त्यांच्या गळ्यातून काढले, दुकानात आणून खिळ्याला अडकवले आणि शटर ओढले.

मी तेवीस दिवस त्या खिळ्यावर होते. दुकान इतके शांत मी कधी पाहिले नव्हते. कात्रीवर गंज चढू लागला, आणि कधी नव्हे ते मला तिचा हेवा वाटला नाही. आठव्या दिवशी शाळेचा शिपाई आला आणि पांढरे तागे घेऊन गेला. गणवेश समोरच्या शिंप्याकडे गेले. जाताना शिपाई मास्तरीणबाईंना म्हणाला, "बाई, राग मानू नका. पोरांना शाळा सुरू व्हायच्या आत कपडे हवेत." त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

तो गेल्यावर त्यांनी आरशामागचा डबा काढला आणि सगळे पैसे पदरात बांधले. मग त्या खडूच्या चौकोनात थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांच्या बोटांकडे मी पाहिले. पुढच्या वर्षीची काजेही त्याच बोटांना करायची होती. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. ज्याची जागा मी मोजली ते मशीन येण्याआधीच गेले होते.

मास्तर परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या पायाची करंगळी नव्हती. पाय टांगता ठेवायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून एक स्टूल आणले. ते ठेवायला दुकानात एकच मोकळी जागा होती, खडूचा चौकोन. मास्तर त्यावर पाय ठेवून काम करू लागले. पायाकडे बघायचे ते टाळत.

दवाखान्याचा खर्च एकदाच झाला, पण गोळ्या दर महिन्याच्या झाल्या. मास्तरीणबाईंनी त्याचा हिशेब शिंप्याच्या भाषेत केला. "महिन्याचे पहिले अकरा शर्ट आता औषधवाल्याचे," त्या म्हणाल्या. "बारावा आपला." तेवीस दिवस शिलाई बुडाली, एकशेचाळीस शर्ट समोरच्याकडे गेले, मशीन गेले. घड्याळवाले काका बसायला आले होते, ते हळूच म्हणाले, "आणि मास्तर, दिवसाला अर्ध्या शर्टाची शिलाई तुम्ही सिगारेटीत फुंकत होता. ती कुणी धरलीच नाही." मास्तरांनी खिशाकडे हात नेला. खिसा रिकामाच होता, तरी काही दिवस हात जात राहिला.

दुकानातच रक्तदाब मोजायला आता तसलेच एक यंत्र आणले होते, निळ्या पट्टीचे. ते टेबलावर बसले. मास्तर रोज सकाळी आल्या आल्या ती पट्टी दंडाला बांधत आणि मान खाली घालून आकड्याची वाट बघत. एका दुपारी मी काय पाहिले असेल? मास्तर अस्तराच्या उत्तम रेशमी तुकड्याची एक पिशवी शिवत होते. चेनसकट. तिच्यासाठी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षे त्यांच्या घामात भिजले मी, आणि मला साधी चिंधी नाही.

चार महिने गेले. चहाच्या फेऱ्या दोनवर आल्या, तोही बिनसाखरेचा. पाय बरा झाल्यावर काका आधी दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग पुढच्या चौकापर्यंत मास्तरांना नेऊ लागले. आणि एक दिवस मास्तरांची पँट घसरू लागली.

त्यांनी नेहमीच्या सवयीने पँट टेबलावर पसरली, खडू घेतला आणि अंदाजाने रेघ मारायला वाकले. मास्तरीणबाई काजे करत होत्या. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली, उठल्या आणि मला मास्तरांच्या गळ्यातून काढले.

"उभे राहा."

"अगं, अंदाज आहे मला."

"तोच तर भोवला. उभे राहा."

मास्तर उभे राहिले. मास्तरीणबाईंनी मला त्यांच्या कमरेभोवती नेले. मित्रांनो, ती कंबर मी ओळखलीच नाही. पोटावर हात ठेवून मास्तर नकळत श्वास आत ओढू लागले. "सोडा श्वास," त्या म्हणाल्या. माझ्यावरचे आकडे हाताळून पुसट झाले आहेत, म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि नीट पाहिले.

"एक्केचाळीस."

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभे होते. मास्तर ओशाळले, हळूच म्हणाले, "दोन कमी सांग की गं. आपण गिऱ्हाइकांना सांगतो तसं."

"तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि पुन्हा तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "एक्केचाळीस!"

मग त्यांनी मापाची वही काढली, पहिले पान उघडले आणि त्या जुन्या 'तीस'च्या खाली नवा आकडा लिहिला. दोन आकड्यांच्या मध्ये एकोणीस वर्षांची कोरी जागा नव्हती, एका ओळीखाली दुसरी ओळ होती. मास्तरांनी त्या दोन ओळींवरून बोट फिरवले. नंतर स्वतःहून काकांना हाक मारायला गेले.

आता दर रविवारी सकाळी माझी पाळी असते. निळी पट्टी रोज, मी आठवड्यातून एकदा. चालेल, तेवढा मत्सर मी गिळते. स्टूल चौकोनातून हलले आहे. मास्तरीणबाईंनी तो चौकोन काल पुन्हा आखला. डब्यात बाराव्या शर्टाचे पैसे पडू लागले आहेत. त्यांच्या बोटांना अजून बरीच वर्षे वाट बघावी लागेल.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण शिवणाच्या डब्यात पडलेली असेल. तिला बाहेर काढा. घरात जो माणूस इतरांसाठी राबतो आणि "मला काही झालेलं नाही" असे म्हणतो, त्याच्या कमरेला ती लावा. तो रागावेल, श्वास आत घेईल. तुम्ही थांबा. आणि आकडा सांगताना प्रेमापोटी दोन इंच कमी करू नका.

माझा साऱ्या जगाचा हेवा करून झाला आहे. कात्रीचा, पेल्याचा, पाकिटाचा, निळ्या पट्टीचा. तो सगळा आता निवला. एकीचा मात्र अजून वाटतो. ती कागदाची होती. तिचे सारे आयुष्य एका मिनिटाचे, आणि शेवट कचऱ्याच्या डब्यात. पण त्या एका मिनिटात ती मास्तरांच्या कमरेला होती आणि खरे माप तिने सांगितले. मी एकोणीस वर्षे त्यांच्या गळ्यात होते.